आरोग्य-वंशवृक्ष : आनुवंशिक आजारांचा कौटुंबिक आलेख

जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ मांडणे तामलवाडी (ता. तुळजापूर) सारख्या गावातील कुटुंबांना नवीन नाही. २०२३ पासून मराठवाड्यात सुरू झालेल्या कुणबी नोंदींच्या शोधाने तर या विषयाला विशेष महत्त्व आले. तथापि या वंशावळी पितृपरंपरेच्या असतात. पणजोबा, आजोबा, वडील अशी रेघ खाली उतरते. विवाहित लेकी त्यातून गळतात आणि अल्पवयात दगावलेली बालके नोंदलीच जात नाहीत. आनुवंशिक आजाराचा माग काढण्यासाठी नेमक्या याच गळलेल्या नोंदी लागतात.

हिमोफिलियाचे उदाहरण बोलके आहे. रक्त न गोठण्याचा हा आजार एक्स गुणसूत्रावरील जनुकदोषामुळे होतो. वाहक मातेच्या प्रत्येक मुलास तो होण्याची आणि प्रत्येक मुलीस वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे तो मामाला असतो आणि भाच्याला होतो. दोघांची आडनावे भिन्न असल्याने पितृवंशावळीत हा संबंध कोठेही उमटत नाही. अर्थात सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वेतिहास आढळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात नोंदविली आहे. समजा, आजी सिकलसेलची वाहक आहे व कुटुंबात बाहेरून आलेले कोणीही वाहक नाही. मामा व आई प्रत्येकी वाहक असण्याची शक्यता १/२, तर त्यांच्या अपत्यांची १/४. या आते-मामे भावंडांचा विवाह झाल्यास दोघेही वाहक असण्याची शक्यता १/१६ आणि प्रत्येक गर्भारपणी बाळ रुग्ण असण्याची १/६४ ठरते. मामा व आई दोघेही वाहक असल्याचे तपासणीत निष्पन्न झाल्यास हीच शक्यता १/१६ होते. वृक्षाचा खरा उपयोग येथे आहे. कोणाचे रक्त आधी तपासावे, हे तो सांगतो.

आलेखाची रीत सोपी आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ; रुग्णाचे चिन्ह भरीव, वाहकाचे अर्धे भरीव, मृतावर तिरकी रेघ. नात्यातील विवाहास दुहेरी रेघ. किमान तीन पिढ्या, आणि दोन्ही बाजूंच्या. माहिती विचारावी ती घरातील वृद्ध स्त्रियांना. कोणते मूल कशाने गेले, हे बहुधा त्यांच्याच स्मरणात असते.

आलेखावरून निदान मात्र होत नाही. सिकलसेलसाठी प्रथम विद्राव्यता चाचणी करतात. ती वाहक व रुग्ण यांत भेद करीत नसल्याने पुढे इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी आवश्यक ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात अशा तपासणीस प्राधान्य दिलेले आहे.

महाविद्यालयाने विद्यार्थ्यांकडून असे वृक्ष करवून घेतल्यास नावांऐवजी क्रमांक वापरावेत व कागद कुटुंबाच्याच ताब्यात राहावा. वाहक असल्याचे कळताच मुलीचे लग्न अडते, मुलाला मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः सिकलसेलसारख्या आजारात दोघांचाही वाटा समान असतो.