मुठेकाठी इतिहास आणि पाखरे

पुण्यात अलीकडे रविवारी सकाळी दुर्बिणी गळ्यात अडकवलेली पंधरा-वीस माणसांची टोळी मुठेच्या काठाने चालताना दिसते. बरोबर एखादा इतिहासाचा अभ्यासक असतो, एखादा पक्षिनिरीक्षक. लकडी पूल ते संगम हे अंतर फार नाही, पण रमतगमत गेल्यास दोन-अडीच तास सहज जातात.

सुरुवातीलाच नाव आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही. पानिपतानंतर, १७६१ साली येथे लाकडी पूल उभारला गेला, असे सांगितले जाते. लाकूड केव्हाच गेले, नाव मात्र टिकले. सरकारी नाव 'संभाजी पूल' असूनही पुणेकर 'लकडी पूल'च म्हणतात. प्रवाहाबरोबर खाली उतरले की १७३८ साली पूर्ण झालेले ओंकारेश्वराचे मंदिर लागते. त्याच्या परिसरात वसईचा विजेता चिमाजी अप्पा यांची समाधी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले तेव्हा हा सारा काठ पाण्याखाली गेला होता. ज्येष्ठ मंडळी तो दिवस सांगू लागली की फेरी तिथेच थबकते.

पक्ष्यांकडे वळले की नदीची आजची प्रकृती कळते. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने उभे असतात. नवख्याला वाटते, पक्षी एवढे, म्हणजे नदी सुदृढ! प्रत्यक्षात सांडपाण्याने माजलेल्या चिखलात अळ्या आणि किडे मुबलक असतात आणि शेकाट्याला तेच हवे असते. याउलट, पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबून मासळीवर झेप घेणाऱ्या कवड्या धीवराला तळ दिसेल असे पाणी लागते. साधा खंड्या कीटक आणि सरड्यांवरही भागवतो, म्हणून तो तग धरून आहे. तेव्हा पक्ष्यांची नुसती संख्या मोजून उपयोग नाही. कोण आले आणि कोण दिसेनासे झाले, याची वही ठेवावी. हिवाळ्यात धोबी आणि तुतवार हे पाहुणे येतात. त्यांना टेकायला दगडगोट्यांचा, चिखलाचा उतरता काठ लागतो. २०२२ साली पायाभरणी झालेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या वादात काठ कसा असावा, हा प्रश्न कळीचा आहे तो यामुळेच.

फेरी संपते ती मुळा-मुठेच्या संगमावर. १८१७ च्या नोव्हेंबरात, खडकीच्या लढाईच्या वेळी, येथली इंग्रज रेसिडेन्सी पेशव्यांच्या सैन्याने जाळली. त्या जागेचा शोध घेण्याइतका उत्साह शेवटी फारच थोड्यांत उरतो, हे खरे! बहुतेकांचे लक्ष तोवर चहाकडे लागलेले असते.

फेरीला यायचे झाल्यास फिकट, मळकट रंगाचे कपडे घालावेत, पायांत जुने बूट असावेत. आणि सूर्योदयापूर्वी पोहोचावे; आठनंतर पुलांवर वाहनांचा गोंगाट सुरू झाला की पाखरांचे आवाज ऐकू येत नाहीत.