उर्दूचा फलक, मराठीतला अर्ज आणि सहज फेकलेलं एक वाक्य

‘उर्दू ही मुसलमानांची भाषा.’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही दावा केला आहे, हेच कुणाच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर कुणीतरी ते टाकतो, दहा जण लाईक करतात आणि मग वाक्याला शेपूट फुटतं : त्यांची भाषा त्यांनी घरात बोलावी, सरकारी इमारतीवर कशाला? दुसऱ्या बाजूनंही तितक्याच सहजपणे येतं : मराठी त्यांची, आपली उर्दू. दोघं एकमेकांशी तावातावानं भांडत असतात, पण मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं. भाषा धर्माच्या मालकीची असते, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. आणि नेमकं तेच चूक आहे.

हे वाक्य निरुपद्रवी आहे, ‘अहो, मत आहे एकेकाचं’ म्हणून सोडून द्यावं, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पातूरची गोष्ट नीट बघावी.

पातूर हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथल्या नगर परिषदेच्या नव्या इमारतीवर फलक लागला. वर मराठीत परिषदेचं नाव आणि खाली तेच उर्दूत. उर्दूचा वापर तिथे काही नवा नव्हता, १९५६ पासून सुरू होता. एका माजी नगरसेविकेनं हरकत घेतली की नगर परिषदेचं काम मराठीतूनच चाललं पाहिजे, फलकावरसुद्धा उर्दू चालणार नाही. परिषदेनं १४ फेब्रुवारी २०२० ला बहुमतानं ठरवलं की उर्दू राहू द्यावी, गावातल्या बऱ्याच लोकांना ती वाचता येते. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी अर्ज मान्य केला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी एप्रिल २०२१ मध्ये तो आदेश रद्द केला. पुढे मुंबई उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च न्यायालय, मधल्या काळात महाराष्ट्राचा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबाबतचा २०२२ चा कायदा, मग पुन्हा उच्च न्यायालय आणि पुन्हा सर्वोच्च न्यायालय. शेवटी १५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठानं निकाल दिला : कायद्यानुसार मराठी असलीच पाहिजे, पण मराठीच्या जोडीला दुसरी भाषा लिहायला कायद्याची कसलीही बंदी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू याच मातीत जन्मली, हेही न्यायालयानं स्पष्टपणे नोंदवलं.

फलकावरच्या एका ओळीसाठी पाच वर्षं! गावात रस्ते, पाणी, नाल्या हे विषय काय कमी असतील? हरकत घेणं हा नागरिकाचा हक्क आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशा हरकतीला बळ कुठून मिळतं? उर्दू म्हणजे परक्यांची, ‘त्यांची’ भाषा, हे गेली कित्येक वर्षं सहज बोलून बोलून जमीन तयार झालेली असते. बोलणारे शेकडो असतात आणि त्यांच्यापैकी कुणालाच वाटत नाही की यात आपला हात आहे.

आता यातली गंमत बघा. इमारतीवरच्या उर्दूविरुद्ध तक्रार करायची तर माणूस काय करतो? अर्ज लिहितो, हरकत घेतो, दाखला जोडतो, नक्कल मागतो, सही करतो, वकील लावतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हजर राहतो. अर्ज, हरकत, तक्रार, दाखला, नक्कल, सही, वकील, जिल्हा, हजर, एवढंच काय ती ‘इमारत’सुद्धा, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत आणि आज ते शंभर टक्के मराठी आहेत. ‘जिल्हाधिकारी’ या शब्दात अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी संधी होऊन एकत्र नांदतात, कुणाला खटकत नाही. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत या जोडशब्दांत एक अर्धा तिकडचा आणि एक इकडचा. लोकांनी ते मुद्दाम ठरवून केलं नाही. शेजारी राहताना, व्यवहार करताना ते आपोआप झालं.

उलटंही झालं. आपल्या घरांत जी दखनी बोलली जाते तिच्यातला ‘नक्को’ आला कुठून? मराठीच्या ‘नको’तून. ‘मैंच बोला’, ‘ऐसाच है’ यातला ठासून सांगणारा ‘च’ हा अस्सल मराठी ‘च’ आहे. लखनऊच्या माणसाला तो कानाला टोचतो, आपल्याला त्याच्याशिवाय बोलताच येत नाही. म्हणजे जो भाऊ ‘मराठी अपनी नक्कोच’ म्हणतो, तो मराठीच्याच मदतीनं मराठीला नाकारत असतो.

कुणी म्हणेल, शब्दांचं ठीक आहे, पण भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे मोठमोठे लोक होऊन गेलेच की. होय, झाले. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला, त्यात सुमारे १४०० शब्द आहेत. माधव ज्युलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी. त्यांनी १९२५ मध्ये फारशी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचा निष्कर्ष आम्हाला पटत नाही. पण मत देण्याआधी त्या माणसानं दुसऱ्याची भाषा शिकली, शिकवली, तिचा कोश केला. आज उर्दूची ‘अलिफ’ न ओळखणारा माणूस बसच्या रांगेत उभ्या उभ्या उर्दूवर निकाल देऊन मोकळा होतो. वाद मत असण्याबद्दल नाहीच. मत मांडण्याआधी काही मेहनत घेतली का, एवढंच विचारायचं आहे.

निदान आकडे तरी बघावेत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या सुमारे १ कोटी २९ लाख ७१ हजार आणि उर्दू ही मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख ४० हजार. हे सगळे उर्दूभाषक मुस्लिमच आहेत असं धरलं, तरी राज्यातल्या किमान ५४ लाख मुस्लिमांनी आपली मातृभाषा उर्दू सांगितलेली नाही. देशभरात तर १७ कोटी २२ लाख मुस्लिमांमध्ये उर्दू मातृभाषा असणारे जेमतेम ५ कोटी ७ लाख, म्हणजे दहात तीनही नाहीत. केरळचा मुसलमान मल्याळम बोलतो, बंगालचा बांगला. कोकणात रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांत कोकणी बोली आहे, आणि त्याच घरातली मुलं उर्दू शाळेत जातात. एका ओळीच्या मतात हे कोकणी घर बसवून दाखवा!

दुसरीकडे, उर्दू फक्त मुसलमानांची म्हणायची तर प्रेमचंदांचं काय करायचं? त्यांनी लिहायला सुरुवात उर्दूत केली. राजिंदर सिंह बेदी, कृश्न चंदर हे उर्दूचेच लेखक आणि दोघांचं मोठं आयुष्य मुंबईत गेलं. रघुपती सहाय म्हणजे फिराक गोरखपुरी, उर्दूसाठी ज्ञानपीठ मिळालेले कवी. आणि मराठी फक्त हिंदूंची म्हणायची तर श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, शाहीर अमर शेख आणि संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण कुठे जातील? पठाण सर १९९० मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

इथे आमच्याच समाजाला दोन शब्द सुनावणं भाग आहे. मुलाला मराठी शाळेत घातलं की ‘दीन से दूर कर दिया’ असं म्हणणारे आपल्यात आहेत. उर्दू आली म्हणजे इस्लाम आला, असा एक समज पसरलेला आहे. उर्दूत दीनी साहित्याचा फार मोठा साठा आहे, तो वाचता यावा म्हणून ती शिकावी, हे अगदी रास्त. पण भाषेलाच दीन मानल्यावर काय होतं ते ढाक्यानं पाहिलं आहे. मार्च १९४८ मध्ये जिनांनी तिथे जाहीर केलं की पाकिस्तानची राजभाषा उर्दूच राहील. बहुसंख्य लोकांची भाषा बांगला होती आणि तेही मुसलमानच होते. २१ फेब्रुवारी १९५२ ला बांगलासाठी निदर्शनं करणारी मुलं पोलिसांच्या गोळीबारात गेली. युनेस्कोनं १९९९ मध्ये त्याच तारखेला आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन जाहीर केला. मुसलमानांनी मुसलमानांवर गोळ्या झाडल्या त्या भाषेवरून, आणि दोन दशकांत देश फुटला. त्यामागे इतरही कारणं होती, पण सुरुवात भाषेच्या प्रश्नावर झाली. कुरआनात सूरह रूममध्ये भाषांची आणि रंगांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी सांगितली आहे. सूरह इब्राहीममध्ये तर प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला गेल्याचा उल्लेख आहे. मग मराठीला गैर ठरवणारे आपण कोण?

आता कायद्याचा प्रश्न. अशा बोलण्यावर गुन्हे नोंदवावेत का? धर्म, जात, भाषा अशा कारणांवरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण ते वैर पसरवणाऱ्यासाठी आहे. अडाणी मत मांडणारा प्रत्येक जण त्यात बसत नाही आणि बसवूही नये. आपण महाराष्ट्रातले लोक पालघर विसरलेलो नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीला आणि त्या लाईक केल्या म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कलमाचा तिथे वापर झाला ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवलं. ते योग्यच झालं. सहज बोलल्याबद्दल तुरुंग नको, आणि सर्वांत आधी अल्पसंख्याकांनीच हे म्हटलं पाहिजे, कारण असं कलम हाताशी असलं की ते आधी कुणावर चालतं हे सांगायला नको.

पण कायदा हात लावत नाही म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. उलट जिथे पोलिस येत नाहीत तिथे माणसाचा स्वतःचा विवेक कामाला लागायला हवा. चहाच्या टपरीवर बोललेलं वाक्य चार जण ऐकतात, समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो आणि बोलणारा जीभ चावतो. फोनवर चेहरा दिसत नाही. ज्याच्याबद्दल बोललो तो गटात आहे की नाही हेही माहीत नसतं, आणि असला तर गप्प राहतो. त्याच्या गप्प राहण्याला आपण संमती समजतो. शिवाय वाक्य आपलं नसतंच, कुठून तरी आलेलं असतं, आपण फक्त ‘पुढे ढकललं’. ही पळवाट आपल्या दीनमध्ये तरी नाही. ज्या गोष्टीचं ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि मन यांचा हिशेब होणार आहे, असा इशारा सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. ऐकलं ते सगळं सांगत सुटणं एवढंही माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. फॉरवर्डचं बटण यायच्या चौदाशे वर्षं आधी!

एक वाक्य अजून फिरतं : ‘उर्दू शाळांत मराठी शिकवतच नाहीत.’ हेही तपासून बघू. महाराष्ट्रानं २०२० मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली, उर्दू शाळा त्यात आल्याच. तेव्हा वाक्य खोटं आहे. पण सक्ती आहे म्हणून शिक्षण चांगलंच होतं असं नाही. काही उर्दू शाळांत मराठीचा तास मराठीचा शिक्षक नसल्यानं दुसराच विषयशिक्षक कसाबसा उरकतो, आणि मग दहावी झालेलं पोरगं तहसील कार्यालयात साधा अर्ज लिहायला दुसऱ्याला शोधत फिरतं. हे टोमणा मारणाऱ्यालाही माहीत नसतं आणि टोमण्यानं चिडणारा मान्य करत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मराठीचा शिक्षक का नाही, जागा कधीपासून रिकामी आहे, ती भरण्यासाठी पत्र कुणाला दिलं आणि उत्तर काय आलं, हे त्या बैठकीत विचारता येतं आणि इतिवृत्तात लिहून घेता येतं. मराठीत.