कान दिवसभर कुठं असतात?

सकाळी ८

दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम डेमोचे नग चार्जिंगला लावायचं. रात्रीच्या विजेचा भरवसा नसतो आणि बंद पडलेला नग दाखवून गिऱ्हाईक पटत नाही. काचेच्या कपाटात खालच्या फळीवर वायरचे इअरफोन, मधल्या फळीवर नेकबँड, वरच्या फळीवर बड्स. भिंतीला दोन-तीन मोठे हेडफोन लटकवलेले. किंमत खालून वर चढत जाते. गरज तशी चढत नाही. येणाऱ्याची नजर बहुतेक वेळा थेट वरच्या फळीवर जाते आणि त्याचं काम ज्या फळीवर आहे तिथं ती आणणं हे माझं काम.

म्हणून ‘कितीतला दाखवू?’ हा प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारतो. पहिला प्रश्न असतो, ‘कुठं वापरणार?’

सकाळी ८:३०

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटेचा सराव संपवून येतात. सोळाशे मीटरचं टायमिंग डोक्यात, अंगावर घाम, आणि तक्रार एकच: "भाऊ, पळताना बड निसटतो."

बड निसटतो तो बहुतेक वेळा टिपमुळं. खोक्यात रबराच्या टिपा तीन मापांच्या येतात, पण कानात जाते ती कारखान्यात बसवलेली मधली. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असंही नाही. मी टिप बदलून देतो आणि मान हलवायला सांगतो. टिप नीट बसली की आवाजही बदलतो, कारण फट राहिली की पहिला जातो तो बास. ‘बास नाही’ म्हणून परत आलेला नग कितीदा तरी टिप बदलून परत घरी गेलाय.

दुसरी गोष्ट घामाची. खोक्यावरच्या ‘आयपीएक्स ४’ चा अर्थ एवढाच, की कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील. ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधल्या ‘एक्स’चा अर्थ धुळीची चाचणी घेतलेली नाही, आणि आमच्याकडं पाण्यापेक्षा धूळच जास्त. शिवाय चाचणी साध्या पाण्यात होते. घाम खारट असतो. ओला बड तसाच डबीत ठेवला की चार्जिंगची टोकं गंजतात. पुसून ठेवायची सवय आणि हजार रुपयांतला नग एवढ्यावर सरावाचं काम भागतं. रस्त्यावर पळायचं असेल तर एकच कान, तोही रस्त्याच्या बाजूचा नाही.

सकाळी १०

आमचं पिंपळगाव रेणुकाई म्हणजे मिरचीचं गाव. भोकरदन तालुक्यात मिरची म्हटलं की इथल्या बाजाराचं नाव येतंच. हंगामात सकाळी दुकानावरून तोडणीच्या मजुरांच्या गाड्या जातात आणि त्यातली एखादी थांबते.

"ते कानात घालायचं बिनवायरचं दाखव बरं," मावशी म्हणतात. लेकानं त्यांना कीर्तनं लावून द्यायला शिकवलंय. तोडताना दिवस सरतो म्हणे. सोबतची सून वरच्या फळीकडं बोट दाखवते.

"मावशी, हे बोट लावून चालतं. गाणं थांबवायचं तर इथं टिचकी मारायची."

"मिरचीचा हात कानाला?" सून हसायला लागते.

तिथंच बड्सचा विषय संपतो. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं नुसत्या पाण्यानं धुतलेल्या हातालाही तो चिकटून राहतो. दर पाच मिनिटांनी कानाशी बोट नेणारं यंत्र तोडणीच्या कामाचं नाही. नेकबँड गळ्यात राहतो, बटणं गळ्याशी असतात आणि न बघता दाबता येतात. एक कान काढला तर तो खाली लोंबतो. सरीत, मल्चिंगच्या कागदावर पडून हरवत नाही. तोडणीच्या वेळी एक कान मोकळा पाहिजेच, मुकादमाची हाक ऐकायला आणि पायाखालच्या सळसळीसाठीही.

त्यात बॅटरीचं गणित. एका बडमध्ये मावणारी बॅटरी साधारण तीस ते साठ एमएएचची. नेकबँडमध्ये त्याच्या कितीतरी पट मोठी बसते. म्हणून शंभर-दोनशे रुपये कमी देऊनही नेकबँड दिवसभर चालतो आणि बड दुपारी डबीत जाऊन बसतो. मावशींनी सातशेचा नेकबँड घेतला. सुनेनं वरच्या फळीकडं आणखी एकदा बघितलं, पण बोलली काही नाही.

दुपारी १२

कॉलेज सुटलं की मुलं येतात. बारावीची एक मुलगी आणि तिचे वडील. यूट्यूबवर लेक्चर ऐकायचे, घरात टीव्ही आणि धाकटी भावंडं. तिला बड्स हवेत, वडिलांना खर्च नकोय.

तिच्या फोनला जुनं गोल छिद्र अजून आहे. मी दोनशे-अडीचशेचा वायरचा इअरफोन पुढं करतो. त्याला चार्जिंग लागत नाही, आवाज मागं-पुढं होत नाही, माइक तोंडाजवळ येतो. आणि फोनमध्ये रेडिओ असेल तर वायरच त्याची अँटेना होते. बिनवायरच्या संचावर ते होत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून हे छिद्र काढलं आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स दाखवले, तेव्हापासून जगभर वायर मागासलेली ठरली. पण रोज चार तास एका जागी बसून ऐकणाऱ्याला वायरची अडचण काय?

वडील विचारतात, "कानाला अपाय तर नाही ना?" जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मी पाठ करून ठेवलाय: ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्म्यावर येतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. डेसिबल मोजायचं यंत्र कुणाकडं असतं? म्हणून सोपं सांगतो: हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं कळत नसेल तर आवाज जास्त आहे. अभ्यासाला शांत खोली महागड्या यंत्रापेक्षा स्वस्त पडते, कारण गोंगाटात बसलेलं पोरगं आवाज वाढवतच जातं.

दुपारी २

ऊन, शुकशुकाट. ही वेळ दुरुस्तीची. ‘एका बाजूनं ऐकू येत नाही’ ही रोजची तक्रार. निम्म्या वेळी जाळीत कानातला मळ असतो. मऊ कोरडा ब्रश पुरतो, सुई घालायची नाही. उरलेल्यांपैकी बरेचसे नग फोनमधली जोडणी पुसून, दोन्ही बड डबीत ठेवून, नव्यानं जोडले की बोलायला लागतात. खरा मेलेला नग थोडा. त्याच्यासाठी पक्कं बिल लागतं. बिलावर अठरा टक्के जीएसटी दिसतो म्हणून लोक ‘बिल नको, कमी करा’ म्हणतात आणि वॉरंटीच्या वेळी खोकं घेऊन येतात. खोक्यावर वॉरंटी चालत नाही.

‘आवाज तुटतो’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, फोन कुठल्या खिशात असतो? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसाचं शरीर बहुतेक पाणीच. मागच्या खिशातला फोन वरच्या खिशात आला की अर्ध्या तक्रारी मिटतात.

दुपारी ३

पैठण गेटवरून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या मोबाइल बाजारातून आलेला माल मी याच वेळी उघडतो आणि खोकी वाचतो. खोकं वाचता आलं पाहिजे, कारण पैसे तिथंच जातात.

मोठ्या अक्षरात ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला वाटतं, बाहेरचा गोंगाट बंद होईल. ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट कमी करतं. फायदा पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानातला गोंगाट कमी करणारं ते एएनसी. बाहेरचा आवाज माइकनं टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि दोन्ही एकमेकांवर आदळून विरतात. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीनं वैतागलेल्या अमर बोस (बोस कंपनीचे संस्थापक) यांनी याची आकडेमोड विमानातच सुरू केली. ही युक्ती एकसुरी घरघरीवर उत्तम चालते: एसटीचं इंजिन, पंखा, कूलर. माणसांच्या बोलण्यावर आणि कुत्र्याच्या भुंकण्यावर तितकी नाही.

‘४० तास’ म्हणजे डबीसकट, मध्यम आवाजात, एएनसी बंद ठेवून. एकदा घातलेला बड पाच-सहा तास चालला तर चांगला. ‘१३ एमएम ड्रायव्हर’ म्हणजे आत पडदा मोठा. आवाज चांगला असेलच असं नाही. मी बघतो ते बारीक अक्षरात: बीआयएसचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव निघतं. निघालं नाही तर तो माल परत. कानाशी लिथियमची बॅटरी घेऊन बसायचं असतं.

दुपारी ४

एक आबा नातवाला घेऊन येतात. नातू म्हणतो, "यांना ऐकू कमी येतं. ब्लूटूथ दाखवा, मोठ्या आवाजाचं."

हे मी विकत नाही. कमी ऐकू येणाऱ्या कानात आणखी मोठा आवाज ओतणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. श्रवणयंत्र हवे तेवढेच सूर वाढवतं आणि त्यासाठी आधी कान तपासावा लागतो. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, म्हणतो. वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी तीन हजार रुपये खात्यात येतात. कागदांची यादी मी चिठ्ठीवर लिहून देतो. आबांना यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे, पण चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली.

सायंकाळी ५:३०

मिरचीच्या गाड्या यायला लागल्या की गावाचा आवाज बदलतो. वजनकाटे, हमालांच्या हाका, हॉर्न. व्यापाऱ्याचे दोन्ही हात पोत्यात आणि फोन परगावच्या बाजाराशी चालू.

"शेठ, समोरच्याला ऐकू जायला पाहिजे. भाव चुकीचा ऐकला तर गाडीभर नुकसान."

इथं ईएनसी कामाला येतं. गाणी नाहीत, बास नको, माइक चांगला हवा. मी त्यांना नग देऊन रस्त्याच्या मध्ये उभं करतो आणि दुकानातून फोन लावतो. शांत दुकानात सगळेच माइक चांगले वाटतात. परीक्षा हमालांच्या गर्दीतच होते. बहुतेक वेळा लांब दांडीचे बड्स किंवा माइक तोंडाकडं येणारा नेकबँड पास होतो. काही नेकबँड फोन आला की गळ्यात थरथरतात. गोंगाटात रिंग ऐकू येत नाही तिथं ते सोन्याच्या मोलाचं.

त्यांच्या मागोमाग माल घेऊन जाणारे ट्रकवाले येतात. रात्रभर चालवणाऱ्याला मी दोन्ही कान बंद करणारं काही सुचवत नाही, एएनसी तर नाहीच. गाडी चालवताना फोनच नको हे सांगतो; ऐकतातच असं नाही. थांब्यावर, ढाब्यावर बोलायला एका कानाचा साधा ब्लूटूथ पुरतो.

सायंकाळी ७

"एअरपॉड आहे का, नऊशे नव्व्याण्णववाला?"

फर्स्ट कॉपी. हुबेहूब डबी, जोडताना आयफोनवर तीच खिडकीही उघडते. असं विचारणाऱ्या पोराला खरं-खोटं ओळखायचंच नसतं, मित्रांत मिरवायचं असतं. मी सांगतो की आयफोन आता ‘हे एअरपॉड्स पडताळता येत नाहीत’ असा इशारा देतो, म्हणजे मित्रांदेखतच उघडं पडायचं. त्याच हजारात बोट, नॉइज, बोल्ट या कंपन्यांपैकी कुणाचा तरी स्वतःच्या नावाचा, वर्षभराच्या वॉरंटीचा नग मिळतो. गेम खेळत असशील तर ‘लो लेटन्सी’ बघ, नाहीतर गोळी आधी लागते आणि आवाज मागून येतो. तो विचार करतो म्हणतो. विचार करून आलेलं गिऱ्हाईक टिकतं.

रात्री ८:३०

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याचा फोन. "मामा, दोन हजारांत घेऊ की वीस हजारांत?"

त्यालाही तोच प्रश्न: कुठं वापरणार? हिंजवडीच्या बसमध्ये रोज दोन तास, ऑफिसात मीटिंगा. त्याला चार-पाच हजारांतले एएनसीचे बड्स, आणि त्यात मल्टीपॉइंट असायलाच हवं, म्हणजे लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी जोडलेले राहतात. वीस-पंचवीस हजारांचे सोनी-बोसचे कानभर हेडफोन सुरेख, पण उन्हाळ्यात घाम आणि बॅगेत जागा खातात. आयफोन असल्यावर एलडीएसीसारख्या कोडेकचे, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचे, पैसे तर मोजूच नकोस; आयफोन ते वापरतच नाही, एएसीवरच चालतो.

"मग उरलेल्या पैशांचं काय करू?"

"आईला नेकबँड घे. फोन उचलत नाही म्हणतोस ना तिला? गळ्यात थरथरला की उचलेल."

रात्री ९:३०

हिशोब मिटला की उद्याच्या मालाची यादी. आज सगळ्यात जास्त विकले गेले नेकबँड, मग वायरचे, मग बड्स. भिंतीवरचे मोठे हेडफोन जागचे हलले नाहीत. शहरातला होलसेलवाला दर वेळी विचारतो, "बड्स एवढे कमी का उचलता? सगळीकडं तेच चालतंय."

सगळीकडं चालत असेल. मी यादीत नेकबँड वाढवले, बड्स तेवढेच ठेवले आणि शेवटी रबराच्या टिपांचं एक पाकीट लिहिलं. त्या मी विकत नाही, तशाच बदलून देतो. जुन्याच बडला नवीन कान मिळाला म्हणून नवीन नगाचं एखादं गिऱ्हाईक कमी होतं, पण ते पुढच्या वेळी भोकरदनला न जाता इथंच येतं.