कुंदगोळची संध्याकाळची गाडी

धारवाडला मी गेलो होतो तो संगीताच्या परीक्षा घेण्यासाठी. चौथ्या दिवशीचे काम सकाळीच आटोपले आणि रात्री हुबळीहून सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा सगळा दिवस मोकळा मिळाला. परक्या गावातला शेवटचा दिवस माणूस बहुधा खरेदीत घालवतो. मीही लाइन बझारात जाऊन पेढ्यांचे दोन पुडे घेतले. उन्नावहून इकडे येऊन स्थायिक झालेल्या ठाकूर घराण्याने धारवाडला हा पेढा दिला. तांबूस, खरपूस, वरून पिठीसाखरेत घोळलेला. आमच्या घरून तशी सक्त ताकीदच होती.

तेथून मल्लिकार्जुन मन्सूरांच्या ‘मृत्युंजय’ या घरी गेलो. आता तेथे त्यांचे स्मारक आहे. अण्णांना पहिली पक्की तालीम मिळाली ती मिरजेच्या नीलकंठबुवांची आणि पुढची अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ व भुर्जीखाँ यांची. कानडी घरातला मुलगा आणि तालीम मराठी मुलखातली, हा हिशेब येथे कोणालाच नवलाचा वाटत नाही. पण माझे लक्ष घड्याळाकडे होते. मला कुंदगोळ गाठायचे होते.

कुंदगोळच का, हे जुन्या बडोदेकरांना थोडक्यात सांगितले तरी पुरे. अब्दुल करीमखाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव महाराजांच्या पदरी गवई होते. सरदार माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे शिकत. दोघांची मने जुळली आणि दोघांनी बडोदे सोडले. त्यांच्या कन्या हिराबाई १९०५ साली मिरजेस जन्मल्या, पण नाव लावले ‘बडोदेकर’. माझे वडील कलावंत कारखान्याच्या अगदी अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटायच्या वयात तेथे नोकरीस लागले आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. खाँसाहेबांचा विषय निघाला की ते म्हणत, “आपण घालवले ते कुंदगोळने जपले. एकदा जाऊन पाहायला हवे.” त्यांचे जाणे झाले नाही.

धारवाडहून हुबळीस ‘चिगरी’ नावाची बस धावते. चिगरी म्हणजे इकडच्या कानडीत हरिण. हे हरिण उणकल तळ्यापाशी उगाच बराच वेळ थबकले आणि कुंदगोळची दुपारची गाडी डोळ्यांदेखत चुकली. मग एस.टी. धरली. वाटेत पाऊस लागला, खिडकीची काच काही लागेना, आणि मी पेढे छातीशी धरून भिजत बसलो.

कुंदगोळ हे पूर्वी जमखिंडीकर पटवर्धनांच्या संस्थानातले गाव. चहूबाजूंनी काळी जमीन आणि मधे नाडगीरांचा वाडा. दक्षिणेकडे हिंडू लागल्यावर खाँसाहेब याच वाड्यात उतरत. याच गावचे रामभाऊ त्यांचे शिष्य झाले आणि पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजले. नाटक कंपन्यांची वर्षे सरल्यावर रामभाऊ गावी परतले, तेव्हा गंगूबाई हनगल हुबळीहून संध्याकाळच्या गाडीने येथे शिकायला येत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. स्टेशनपर्यंत सोबतीला पोरसवदा भीमसेन असत, असे सांगतात. एकेक पलटा दिवसच्या दिवस घोटायचा. कंजूष माणूस पैसा मोजतो तसा सूर मोजून खर्चायचा, ही गुरूची शिकवण. परतीच्या गाडीची वेळ डोक्यावर असताना एका पलट्यावर थांबून राहणे, हे मला कळत नव्हते. माझ्या शिकवण्या तासाच्या हिशेबाने चालतात. तास भरला की पुढचा विद्यार्थी दारात उभा असतो.

वाड्याजवळच्या एका कट्ट्यावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना अज्जा म्हणत. मी बडोद्याचा म्हटल्यावर त्यांनी मला वरखाली न्याहाळले.

“बडोद्याचे? मग गाऊन दाखवा की, मास्तर.”

“अज्जा, माझी गाडी आहे.”

“गाडी रोजच असते की.”

खरे सांगायचे तर गाडी हे निमित्त होते. वडील गेल्यापासून मी शिकवतो, गात नाही. चार माणसांपुढे बसून गायल्याला नऊ वर्षे झाली होती. त्या कट्ट्यावर तंबोरा नव्हता. अज्जांनी डोळे मिटून खर्जाचा सा धरला, किंचित थरथरता पण जागचा न हलणारा. मग पर्यायच उरला नाही. उन्हे कलली होती, म्हणून वडिलांनी दिलेली मुलतानीची विलंबित चीज धरली. निषादावरून षड्जावर येताना माझा आवाज फाटला. अज्जांनी डोळे उघडले नाहीत, सा सोडला नाही. फक्त बोटाने खूण केली, पुन्हा. असे पाच-सहा वेळा झाले. सहाव्यांदा की सातव्यांदा षड्ज लागला, तेव्हा गाडीची शिटी गावापलीकडे विरत चालली होती.

स्टेशनवर पुढच्या गाडीची वाट पाहताना खाँसाहेबांचा शेवटचा प्रवास आठवत राहिला. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीस जाताना प्रकृती बिघडली, सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच बिछाना घातला गेला, तंबोरा जुळवला गेला आणि दरबारी कानड्यात ईश्वराला आळवता आळवता त्यांनी देह ठेवला. त्यांना दफन केले ते मिरजेस.

हुबळीस पोहोचलो तेव्हा मुंबईच्या गाडीस दहा मिनिटे उरली होती. येथील १५०७ मीटरचा फलाट जगात सर्वांत लांब, असे २०२३ मध्ये त्याच्या उद्घाटनाच्या वेळी सर्वत्र छापून आले होते. माझा डबा अर्थातच दुसऱ्या टोकाला. हातात बॅग घेऊन मी त्या फलाटावर असा पळालो की शेजारचा हमालसुद्धा हसला. डब्यात पाय टाकला आणि गाडी हलली. रात्रभर मुलतानीचा तो निषाद कानांत होता आणि वेळ रागाची नसूनही मी तो हळूच घोटत होतो; वरच्या बाकावरचे गृहस्थ दोनदा खाकरले.

बेळगाव जवळ आले तेव्हा लक्षात आले, पेढ्यांचे दोन्ही पुडे कट्ट्यावरच राहिले. स्टेशनवर उतरून कुंदा घेतला. घरी अजून त्यावरून बोलणी खातो आहे.