हुआलिएनसमोरची गाठ

जुलै २००५ मधल्या ‘हायतांग’ वादळाच्या मार्गाचा नकाशा गेली कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. पॅसिफिकमधून तैवानवर चालून आलेली रेघ हुआलिएन शहरासमोर, किनारा हाकेच्या अंतरावर असताना, दक्षिणेला वळते. मग पूर्वेला, मग उत्तरेला. शेवटी स्वतःलाच छेदून ती पुन्हा पश्चिमेकडे फिरते आणि यिलानच्या किनाऱ्यावर चढते. एवढं दांडगं वादळ दाराशी येऊन गिरकी का घेतं? या प्रश्नाने मला सोडलेलं नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला डोंगर म्हणजे आडोसा वाटतो. पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तर तैवानचं युशान ३९५२. जेमतेम चारशे किलोमीटर लांबीच्या त्या बेटावर तीन हजार मीटरवरची दोनशेहून अधिक शिखरं आहेत, आणि ती रांग उत्तर-दक्षिण पसरलेली, म्हणजे येणाऱ्या वादळांना बरोबर आडवी.

भिंतीवर आदळलेल्या वादळाचं पुढे काय होतं ते थोडक्यात सांगतो. समुद्राची ऊब तुटते, खालचा भोवरा अडतो, वरचा मात्र शिखरांवरून पुढे सरकतो. पलीकडच्या उतारावरून घसरणारी हवा तापते, तिथला दाब उतरतो आणि कधीकधी पश्चिमेला नवंच केंद्र धरतं. अशा वेळी मार्ग सलग न दिसता तुटतो, वादळाने डोंगरावरून उडी मारल्यासारखा. वारा पश्चिमेकडून डोंगर ओलांडत असेल, तर अशीच उतरती हवा पूर्वेकडच्या तैतुंगला गाठते. तिथे तिला ‘जाळणारा वारा’ म्हणतात, कारण ती उभी पिकं करपवते.

मन अडकतं ते मात्र किनाऱ्याला लागण्याआधीच्या वळणात. १९८७ साली प्रिन्स्टनमध्ये मॉरिस बेंडर, रॉबर्ट ट्युलिया आणि योशिओ कुरिहारा यांनी संगणकावर डोंगराळ बेटं उभी करून त्यांच्यावर वादळं सोडली. पूर्वेकडून येणाऱ्या प्रवाहातलं वादळ तैवानला पोचण्याच्या बरंच आधी उत्तरेकडे झुकलं. मग हायतांग दक्षिणेला का वळलं?

चिएन कुओ-ची आणि वू चुन-चिए यांनी २००८ मध्ये दिलेलं उत्तर सुंदर होतं. उत्तर गोलार्धातलं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून त्याच्या पश्चिम अंगाला वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. वादळ भिंतीजवळ आलं की हा वारा केंद्र आणि डोंगर यांच्या बोळात सापडतो आणि अरुंद पुलाखालच्या नदीसारखा वेग घेतो. तोच केंद्राला दक्षिणेकडे ओढतो. ऐकताक्षणी पटावं असं हे स्पष्टीकरण आहे, आणि मला ते पटलंही होतं.

पण वू थांबले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तोच बोळ पुन्हा तपासला. बोळातला जोरदार वारा खरा होता, पण दक्षिणेकडची ओढ मुख्यतः त्याची नव्हती. ती बरीच वर, वातावरणाच्या मधल्या थरात, वादळाच्या पूर्व अंगाला बळावलेल्या उत्तरेच्या वाऱ्याची निघाली. डोंगर पश्चिमेला आणि ओढणारा हात पूर्वेला! स्वतःच्याच गाजलेल्या स्पष्टीकरणाला सात वर्षांनी असं पारखणारा संशोधक मला मोठा वाटतो. काचेखालच्या नकाशावर मी त्या गाठीच्या पूर्वेला पेन्सिलीने एक बाण काढला आहे.

वादळ मोडणं म्हणजे संकट टळणं नव्हे, हे ऑगस्ट २००९ मधल्या ‘मोराकोट’ने दाखवलं. वाऱ्याच्या मोजमापात ते मध्यमच होतं. ७ ऑगस्टच्या रात्री ते हुआलिएनला लागलं आणि दुसऱ्या दिवशी वायव्येकडच्या समुद्रात उतरलं. पण ते रेंगाळत गेलं, आणि त्याच्यामागून नैर्ऋत्येचे ओले वारे त्याच डोंगरांवर चढत राहिले. अलिशानवर काही दिवसांत २७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. एरवी वादळाचं बळ काढून घेणाऱ्या त्या उतारांनी यावेळी ढग पिळून काढले.

८ ऑगस्ट हा तैवानमध्ये पितृदिन, कारण ‘आठ-आठ’चा उच्चार तिथे ‘बाबा’सारखा होतो. त्या वर्षी पितृदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिआओलिन गावामागचा डोंगर कोसळला. चारशेहून अधिक माणसं त्याखाली गेली.