लिपी, युनिकोड आणि ओळख
संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोडमध्ये ‘अ’चा क्रमांक २३०९ आहे. लिपीला असे क्रमांक नसतील, तर त्या लिपीत लिहिलेले नाव समोरच्याच्या पडद्यावर नीट उमटत नाही.

संताळी भाषेचे उदाहरण घेऊ. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ च्या सुमारास तिच्यासाठी ओल चिकी लिपी घडवली. २००३ च्या ९२व्या घटनादुरुस्तीने संताळीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. ओल चिकी युनिकोडमध्ये आली २००८ मध्ये. त्यानंतरही फॉन्ट आणि कळफलक लागतातच.

म्हणजे समाजमाध्यमांवरील समावेशन केवळ सौजन्यावर अवलंबून नसते. ते तांत्रिक निर्णयांतही ठरते. आपल्या फोनमध्ये ओल चिकीचा कळफलक आहे का, ते तपासून पाहा.