चित्रें छापण्याचें यंत्र

चाकणचे आमचे एक जुने विद्यार्थी स्वतःच्या चित्रांच्या प्रती विकूं पाहतात. साठविलेली पुंजी मोठ्या इंकजेट यंत्रांत घालावी काय, असें ते विचारतात.

१८९४ सालीं मुंबईंत निघून पुढें मळवलीस गेलेल्या रविवर्मा छापखान्यांत एकेका रंगास निराळा दगड लागे. येथें दगड नाहीं, परीक्षा शाईची. विरघळलेल्या रंगाची शाई मोहक खरी, पण उजेडानें लवकर विटते. सूक्ष्म रंगकणांची पिग्मेंट शाईच घ्यावी. कागद कापसाचा, आम्लरहित. रुंदी २४ इंच पुरे. ४४ इंचांचा मोह आवरावा. यंत्र पडून राहिल्यास शाई सुकून छिद्रें बुजतात, आणि तीं साफ करण्यांतही महाग शाईच जाते! आठवड्यास एकही प्रत निघणार नसेल, तर तूर्त पुण्याहून छापून आणावें.